‘पायका’ची पाटी : छापखाना दालनाच्या कामाच्या नोंदी

८ जून

सगळ्या केसा (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, घरं पाडलेल्या पेट्या) एकदाच्या माडीवर चढल्या. वाचनालयाने मागची खोली दिली आहे. पावसाच्या आत सामान हलवायचं होतं, तेवढं जमलं. गावातल्या बंद पडलेल्या छापखान्याचं सामान मालकांच्या मुलांनी भंगारात न घालता आपल्याला दिलं. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, खालीच राहणार, माडी त्याचं वजन पेलणार नाही.

वाटणी अशी : ट्रेडल सोडवणं-वंगण घालणं दुसऱ्यांकडे, खिळे निवडणं जुळारी (खिळे जुळवून मजकूर लावणाऱ्या) काकांकडे, पाट्या माझ्याकडे. मी दिवसभर संगणकावर पानं लावतो, त्यामुळे ‘टायपाचं तुला कळतं’ असा सगळ्यांचा समज आहे. प्रत्येक केसेपुढे एक छोटी पाटी : टायपाचं नाव, माप, आणि ते नाव कुठून आलं. पहिली पाटी पायका या मापाच्या टायपाची, कारण सर्वात जास्त केसा त्याच्याच आहेत.

केसांच्या काही घरांत खिळ्यांवर पांढरी भुकटी धरली आहे. लाकडातून सुटणाऱ्या आम्लामुळे आणि दमटपणामुळे शिसं असं फुलतं. ती फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, आणि हात धुतल्याशिवाय चहा नाही. हा नियम दारावर लावला.

१२ जून

मोजमाप सुरू. पायकाच्या केसेतला ‘क’चा एक खिळा व्हर्नियरमध्ये धरला. उभी उंची २३.३ मिलिमीटर. ही सगळ्या खिळ्यांची सारखीच असावी लागते, नाहीतर एक अक्षर कागदात रुतेल आणि शेजारचं उमटणारच नाही. ज्याला ‘पायका’ म्हणायचं ते माप बॉडीचं, म्हणजे खिळ्याच्या माथ्याचं वरून खाली : ४.२ मिलिमीटरच्या जरासं वर. बाजूला एक आडवी खाच. जुळारी खिळा बघत नाही, अंगठ्याने खाच चाचपतो, आणि ती योग्य बाजूला असली की खिळा स्टिकमध्ये (ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत) सरळ बसला असं समजतो. काका अजूनही असंच करतात. नजर कॉपीवर (जुळवायच्या मजकुरावर) आणि हात केसेत.

भिंगाखाली ‘क’ पाहिला. पायकाच्या बारा पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे पायकाचा बारावा भाग) बॉडीत वेलांटी, रफार, अनुस्वार यांना वर जागा आणि उकाराला खाली. मधल्या अक्षराच्या वाट्याला बॉडी जेमतेम अर्धी. संगणकावरही मराठी आणि इंग्रजी दोन्ही बारा पॉइंटांत लावलं की मराठी बारीक दिसतं आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘मराठी लहान का ठेवलंत?’ त्याचं उत्तर या शिशाच्या तुकड्यावर आहे. हा खिळा पाटीशेजारी भिंगाखाली ठेवायचा.

१५ जून

काकांकडून मापांची नावं लिहून घेतली. मी विचारलं, “काका, पायका म्हणजे काय?”

“पायका म्हणजे पायका. ग्रेटपेक्षा बारीक, लाँगपेक्षा मोठा.”

“पण नाव कशावरून?”

“ते इंग्रजाला विचार. आम्हाला पगार जुळवायचा मिळत होता.”

मग मात्र त्यांनी सगळी उतरंड सांगितली. मी पॉइंटांशी ताडून घेतली : नॉनपरेल सहा, ब्रेव्हियर आठ, लाँग प्रायमर दहा, पायका बारा, इंग्लिश चौदा, ग्रेट प्रायमर अठरा. बोलताना ‘लाँग’ आणि ‘ग्रेट’ एवढंच. ओळीची लांबी मात्र टाइप कुठलाही असो, पायकाच्याच एममध्ये (एम म्हणजे बॉडीच्या मापाएवढी रुंदी) मोजायची. “चोवीस एम” म्हटलं की चोवीस पायका. म्हणजे हा शब्द दोन कामं करतो : एका टायपाचं नाव आणि सगळ्या छापखान्याची फूटपट्टी. पाटीवर दोन्ही यायला हवं.

१९ जून

आज शब्दाच्या मागे लागलो.

लॅटिनमध्ये ‘पिका’ म्हणजे मॅगपाय हा पक्षी. काळा-पांढरा, लांब शेपटीचा, कावळ्याच्या कुळातला. आपल्याकडे तो नसतो, पण त्याच कुळातला टकाचोर आपल्या आंब्यावर येतो. शास्त्रीय नाव आजही ‘पिका पिका’. माती, खडू असलं न खाण्यासारखं खावंसं वाटण्याच्या विकारालाही वैद्यकात पिकाच म्हणतात आणि तेही याच पक्ष्यावरून, कारण तो काहीही चोचीत धरतो अशी त्याची ख्याती.

पक्ष्यावरून थेट टायपाच्या मापावर उडी नाही, मध्ये एक पुस्तक आहे. धर्मसुधारणेच्या आधीच्या इंग्लंडमध्ये कोणत्या दिवशी कोणती प्रार्थना म्हणायची याचे नियम सांगणारी एक पोथी असे. लॅटिनमध्ये तिला ‘पिका’ आणि इंग्रजीत ‘पाय’ म्हणत. पोथीला पक्ष्याचं नाव पडलं ते पानाच्या काळ्या-पांढऱ्या रूपावरून, असा तर्क केला जातो. इतर प्रार्थनाग्रंथांत तांबड्या शाईच्या ओळी असत. नुसत्या काळ्या अक्षरांनी गच्च भरलेलं पान वेगळं दिसणारच. तर्क म्हणून ठीक. पाटीवर ‘असावं’ या शब्दासकट जाईल.

मोडून विस्कटलेल्या जुळणीलाही इंग्रज छपाईवाले ‘पाय’च म्हणतात. त्याचा या पोथीशी संबंध जोडणारे आहेत. आपल्याकडे पोत्यात जो माल आला आहे तो शंभर टक्के पाय. काका ते निवडताना जे शब्द वापरतात ते पाटीवर लावण्यासारखे नाहीत.

२३ जून

या कामातली आतापर्यंतची सगळ्यात मोठी मौज आज सापडली. कॅक्स्टनची जाहिरात.

विल्यम कॅक्स्टन हा इंग्लंडमधला पहिला मुद्रक. १४७६ मध्ये त्याने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि साधारण १४७७ मध्ये एक हस्तपत्रक छापलं. इंग्रजीत छापलेली आज उपलब्ध असलेली ही सर्वात जुनी जाहिरात मानतात. दोन प्रती उरल्या आहेत, एक ऑक्सफर्डला, एक मँचेस्टरला. इनमीन सात ओळी. आणि जाहिरात कशाची? ‘पाय’ची! आपल्या या पोथीचीच.

मजकूर साधारण असा : कोणा धर्मकार्यातल्या किंवा संसारी माणसाला सॉल्झबरीच्या प्रार्थनापद्धतीच्या, दोन आणि तीन स्मरणोत्सवांच्या, याच अक्षरात छापलेल्या, नीट तपासलेल्या पाय विकत घ्यायच्या असतील तर त्याने वेस्टमिन्स्टरला भिक्षागृहाच्या आवारात ‘रेड पेल’च्या (लाल उभ्या पट्ट्याच्या) खुणेपाशी यावं, त्याला त्या स्वस्तात मिळतील. आणि शेवटी, सगळी जाहिरात इंग्रजीत असताना, एक ओळ लॅटिनमध्ये : ही चिठ्ठी राहू द्यावी ही विनंती.

‘याच अक्षरात छापलेल्या’ हे शब्द मला फार आवडले. माल बघायला दुकानात यायच्या आधीच नमुना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे. ‘नीट तपासलेल्या’ हेही धंद्याचं बोलणं : हाताने नकललेल्या पोथीत चुका असतात, आमच्यात नाहीत. आणि चिठ्ठी काढू नका ही विनंती लॅटिनमध्ये का, तर चर्चच्या दारावरून ती काढणारा बहुधा लॅटिन वाचणाराच असणार. भिंतीवर पत्रकं चिकटवून पाहिलेल्या कोणालाही कॅक्स्टन आपला वाटेल.

या पत्रकाची छबी पाटीशेजारी हवीच. सगळ्यांना दाखवली. काका म्हणाले, “जस्टिफिकेशन बघ, ओळी सारख्या नाहीत. आमच्या फोरमनने फेकून मारलं असतं.”

२८ जून

पोथीत नेमकं काय असे हे समजल्याशिवाय पाटी पोकळ होईल, म्हणून आज तेवढंच वाचलं.

ख्रिस्ती वर्षातले सण दोन तऱ्हेचे. नाताळसारखे तारखेला बांधलेले, आणि ईस्टरच्या मागेपुढे सरकणारे. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कोणत्याही तारखेला येऊ शकतो, म्हणजे ३५ शक्यता. वर्षातले रविवार कोणत्या तारखांना पडतात हे दाखवायला ए ते जी अशी सात अक्षरं वापरत आणि प्रत्येक अक्षराला ईस्टरच्या पाच तारखा येत. सात पंचे पस्तीस. पाय म्हणजे या पस्तीस तऱ्हांच्या वर्षांचं कोष्टक : अमुक वर्षी अमुक संताचा दिवस सरकत्या सणावर आला तर कोणी कोणाला जागा द्यायची, कोणती प्रार्थना पुढे ढकलायची, कोणती गाळायची. त्यात आठवड्याच्या स्मरणोत्सवांची भर. काही ठिकाणी ते दोन, काही ठिकाणी तीन. म्हणून तर कॅक्स्टनने ‘दोन आणि तीन’ असं सांगून टाकलं.

मराठी वाचकाला हे समजावायला फार कष्ट नकोत. स्मार्त एकादशी आज की भागवत एकादशी उद्या, अधिक महिन्यात काय करायचं, संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे प्रश्न घरोघर पडतात आणि पंचांग काढलं जातं. आणि अशा गुंत्यात निवाडा करायला ‘निर्णयसिंधू’सारखे ग्रंथ लिहिले गेले. पाय हे त्याच जातीचं पुस्तक.

इंग्लंडमध्ये हा गुंता इतका वाढला की १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यावर तक्रार आहे. ‘पाय’ नावाच्या नियमांची संख्या आणि क्लिष्टता अशी, की काय वाचायचं ते हुडकण्याचाच व्याप अनेकदा ते सापडल्यावर वाचण्यापेक्षा जास्त होई. हा ग्रंथ सिद्ध करण्यात पुढाकार आर्चबिशप क्रॅन्मरचा. नियम थोडके आणि सोपे केल्याचं प्रस्तावनेत म्हटलं आहे. पायची गरजच त्यामुळे सरली. ज्या पुस्तकाचं नाव टायपाला चिकटलं ते पुस्तकच इंग्लंडच्या वापरातून गेलं.

३ जुलै

आता अडचणीची जागा. जिथे तिथे लिहिलेलं असतं : पाय या पोथ्या ज्या मापाच्या टायपात छापत, त्या मापाला पायका नाव पडलं. ऐकायला चोख. पण कॅक्स्टनची जाहिरात काय सांगते? पोथी ‘याच अक्षरात’ छापली आहे. आणि जाहिरातीतलं अक्षर आपल्या पायकापेक्षा उघड मोठं आहे, ग्रेटच्या घरातलं. म्हणजे जाहिरातीवरून पोथी माहीत होते, टायपाचं नाव मात्र सिद्ध होत नाही.

तरी पुस्तकावरून नाव ही दिशा मला खरी वाटते, आणि त्याचं कारण पायकात नसून शेजारच्या नावांत आहे. ब्रेव्हियर हे ब्रेव्हिअरीवरून, म्हणजे पाद्रींच्या नित्यपाठाच्या ग्रंथावरून. प्रायमर हे सामान्य माणसाच्या प्रार्थनापुस्तकाचं नाव. कॅनन नावाचा फार मोठा टाइप मासच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) मुख्य पाठावरून. सगळी उतरंड चर्चच्या कपाटातली. आणि युरोपात पायकाच्या जवळपासच्या मापाला ‘सिसेरो’ म्हणतात. तेही पुस्तकावरूनच पडलं असं परंपरा सांगते, रोममध्ये पंधराव्या शतकात छापलेल्या सिसेरोच्या ग्रंथावरून. चर्चचं कपाट सोडलं तरी नाव पुस्तकाचंच.

मंडळींचं म्हणणं, एवढं खोलात कशाला, लोकांना गोष्ट हवी असते. माझं म्हणणं, गोष्ट आहेच, फक्त जिथे सांधा कच्चा आहे तिथे ‘असं म्हणतात’ एवढे दोन शब्द घालू. दोन शब्दांना जागा किती लागते? (लागते. पाटी लहान आहे. पण घालणार.)

९ जुलै

पाऊस थांबत नाही. काकांनी निवडलेल्या मालात दोन वेगळे पायका निघाले आणि ते एकमेकांत बसत नाहीत. बारा-बारा खिळे बॉडीवर बॉडी टेकवून स्टिकमध्ये रचले. एका लॉटचे बारा ५०.६ मिलिमीटर, दुसऱ्याचे ५१.१. अर्ध्या मिलिमीटरने काय होतं, असं कोणी म्हणेल. चाळीस ओळींच्या पानात दीड मिलिमीटरच्या वर फरक जातो. दोन कॉलम शेजारी लावले तर एक चेसमध्ये (जुळणी आवळायच्या लोखंडी चौकटीत) घट्ट आणि दुसरा सैल, आणि फर्मा (आवळलेली जुळणी) उचलला की सैल बाजूचे खिळे भुईवर. काका म्हणाले, “म्हणून आमच्याकडे नव्या-जुन्याच्या केसा वेगळ्या असायच्या. मिसळल्या की शिव्या.”

कारण इतिहासात आहे. पायका हे नाव सर्वांचं एक, माप प्रत्येक ओतशाळेचं (खिळे ओतणाऱ्या कारखान्याचं) आपलं. जोसेफ मॉक्सनने १६८३ च्या सुमाराला छपाईच्या हुन्नरावर पुस्तक काढलं, त्यात एका फुटात किती ओळी मावतात त्यावरून मापं दिली आहेत : पायकाच्या ७५, लाँग प्रायमरच्या ९२, ग्रेट प्रायमरच्या ५०. फुटाला ७५ म्हणजे पायका इंचाच्या ०.१६. पुढचा पायका याहून मोठा, फुटाला ७२ च्या आसपास.

फ्रेंचांनी आधी शिस्त लावली. फोर्नियेने १७३७ मध्ये पॉइंटांचं कोष्टक केलं, दिदोने १७८० च्या दशकात ते राजाच्या फुटाला जोडलं. त्यामुळे त्यांचा सिसेरो ४.५ मिलिमीटर, आपल्या पायकापेक्षा जाड.

अमेरिकेत ही शिस्त आगीनंतर आली. १८७१ च्या शिकागोच्या आगीत मार्डर, ल्यूस या कंपनीची ओतशाळा जळाली. साचे नव्याने करायचेच होते. कंपनीच्या नेल्सन हॉक्सने आग्रह धरला की पायकाचे बारा समान भाग करून प्रत्येक टाइप त्याच भागांच्या पटीत ओता. त्याला पायका इंचाचा बरोबर सहावा भाग हवा होता. १८८६ मध्ये अमेरिकी ओतशाळांच्या संघटनेने पॉइंट स्वीकारला, पण माप घेतलं फिलाडेल्फियाच्या मोठ्या ओतशाळेचं, कारण तिचा माल देशभर पसरलेला. तो पायका ०.१६६ इंच, सहाव्या भागाला केसभर कमी. त्याचे ८३ पायका ३५ सेंटिमीटरमध्ये बसतात. ब्रिटनच्या ओतशाळा याच मापावर १८९८ पासून आल्या.

आपला पहिला लॉट याच मापाचा : बाराला ५०.६. दुसरा लॉट कुठल्या ओतशाळेचा ते खिळ्यावर लिहिलेलं नाही, त्यामुळे पाटीवरही लिहायचं नाही. दोन्ही लॉटांचे बारा-बारा खिळे स्टिकमध्ये तसेच रचून शेजारी ठेवायचे. मुलं बोट फिरवून फरक बघतील.

१४ जुलै

पाटी संगणकावर लावली. सॉफ्टवेअरमध्ये पायका निवडला आणि गंमत लक्षात आली : संगणकाचा पायका इंचाचा बरोबर सहावा भाग. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेपासून इंचाला ७२ पॉइंट असा सरळ हिशेब रूढ झाला. हॉक्सला जे हवं होतं ते शंभर वर्षांनी यंत्राने दिलं. डोनाल्ड क्नूथच्या ‘टेक’ या संगणकी अक्षरजुळणीच्या प्रणालीत मात्र पॉइंट म्हणजे अजून जुना, इंचाला ७२.२७, आणि पोस्टस्क्रिप्टवाल्या पॉइंटाला तिथे ‘मोठा पॉइंट’ म्हणतात.

व्यवहारात : चोवीस एमची ओळ संगणकावर १०१.६ मिलिमीटर, शिशात १०१.२. पाटीची चौकट शिशात जुळवून आतला मजकूर संगणकावरून छापायचा विचार होता. तो सोडला. सगळी पाटी खिळ्यांनीच जुळवायची.

२१ जुलै

पंचांगाचा उल्लेख पाटीवर हवा का, यावर वाद. माझ्या मते हवा, आणि नुसतं समजावायला नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली छपाई पाहून त्यांनी हा उद्योग उभारला होता. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक ती पोथी शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातलं असं सांगतात. वेस्टमिन्स्टरच्या मुद्रकानेही सुरुवातीच्या काळात सणवारांच्या नियमांचीच पोथी विकायला काढली. धंद्याचं गणित दोन्हीकडे एकच : दरवर्षी लागणारी, प्रत्येकाला लागणारी, आणि चूक खपत नाही अशी वस्तू.

मंडळी म्हणाली, मग ती वेगळी पाटी कर, पंचांगाची. मान्य. वाचनालयातली जुनी पंचांगं तिथेच मांडता येतील.

२७ जुलै

पायकाची पाटी काकांनी आज जुळवली. नाव ग्रेटमध्ये, मजकूर पायकात. मी दिलेला मजकूर दोन ओळी जास्त निघाला. काकांनी विचारलं काय काढू, मी ‘टकाचोर’ काढायला सांगितलं. अंतिम मजकूर :

‘पायका. बारा पॉइंट. खिळ्याची बॉडी ४.२ मिलिमीटर. टाइप कुठलाही असो, ओळीची लांबी पायकाच्या एममध्येच मोजत. कोणत्या दिवशी कोणती प्रार्थना म्हणायची हे सांगणाऱ्या इंग्लंडमधल्या जुन्या पोथीला लॅटिनमध्ये पिका म्हणत. टायपाचं नाव तिच्यावरून पडलं असं म्हणतात. पोथीचं नाव काळ्या-पांढऱ्या मॅगपाय पक्ष्यावरून आलं असावं. शेजारी : या पोथीची कॅक्स्टनने छापलेली जाहिरात, सुमारे १४७७.’

पहिलं प्रूफ काढलं. ‘म्हणत’चा त अर्धा उठला, खिळा झिजला आहे. केसेत दुसरा बरा मिळाला. ‘मिलिमीटर’साठी पहिली वेलांटी कमी पडत होती, ती दुसऱ्या लॉटमधून घ्यावी लागली, आणि तेवढ्याने ती ओळ फुगली. काकांनी कागदाची बारीक पट्टी घालून शेजारची जागा भरली. आता दिसत नाही, पण प्रूफ वाकडं धरलं तर दाब जरा वेगळा लागतो.

पुढचं काम : ग्रेट प्रायमरची पाटी, आणि पोत्यातला उरलेला माल. ब्रेव्हियरची केस अर्धी रिकामी आहे, तेवढे खिळे पोत्यात आहेत का ते आधी बघायचं.